मराठीत नसलेलं क्रियापद : ‘हॅव’ वापरायचं कसं

सांगलीत विश्रामबागेला मी संध्याकाळी मोठ्या माणसांचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. मिरजेला नर्सिंग शिकणाऱ्या मुली येतात, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर काम करणारी पोरं येतात, मुलाखतींची तयारी करणारे येतात, आणि परदेशातल्या नातवाशी बोलता यावं म्हणून येणाऱ्या एक काकूही आहेत. मध्यंतरी एका मुलीची सरावाची मुलाखत घेत होते. विचारलं, ‘डू यू हॅव एनी ब्रदर्स?’ ती झटकन म्हणाली, ‘येस मॅडम, माय टू ब्रदर्स आर देअर.’

मी दाराकडे बघितलं. ‘कुठायत? बाहेर उभे केलेस होय?’

सगळे हसले, तीही हसली. पण मला तिचं कौतुकच वाटलं, कारण तिनं भाषांतर अगदी चोख केलं होतं. ‘मला दोन भाऊ आहेत’ यातल्या ‘आहेत’ला इंग्रजीत ‘आर’च म्हणतात. गडबड आहे ती मुळात. मराठीत ‘हॅव’ला क्रियापदच नाही. आपल्याकडे गोष्टी नुसत्या ‘असतात’, आणि त्या कुणाच्या हे क्रियापद सांगत नाही, शेजारचा एखादा प्रत्यय सांगतो. म्हणून ‘हॅव म्हणजे असणे’ असं पाठ केलेला माणूस दर चार वाक्यांमागे एकदा अडखळतो. वर्गात मी ज्या क्रमानं शिकवते त्याच क्रमानं इथं लिहिते.

पायरी 1 : आधी आपलं मराठी वाक्य बघा

ही सहा वाक्यं मोठ्यानं वाचा. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे मोटरसायकल आहे. माझ्याजवळ सुट्टे नाहीत. आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. खोलीला दोन खिडक्या आहेत. हळदीत करक्यूमिन असतं.

ला, कडे, जवळ, ची, पुन्हा ला, आणि शेवटी त. हे आपण इतकं सहज बोलतो की त्यात काही नियम आहे हे जाणवतही नाही. नियम आहे. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हणून बघा. दोघं सध्या मुक्कामाला आलेत असं वाटतं. ‘मला मोटरसायकल आहे’ असं तर कुणी म्हणतच नाही. ‘माझ्याजवळ शंभर रुपये आहेत’ म्हणजे आत्ता खिशात, आणि ‘माझ्याकडे आहेत’ म्हणजे खिशात नसले तरी घरी कपाटात असतील. नातं, मालकी, खिसा, भाग, गुण, प्रत्येकाला मराठीनं वेगळी खोली दिली आहे.

इंग्रजीनं हे सगळं एकाच पोत्यात भरलं : आय हॅव टू ब्रदर्स. आय हॅव अ मोटरसायकल. आय डोंट हॅव चेंज. वी हॅव ॲन एकर अँड अ हाफ ऑफ ग्रेप्स. द रूम हॅज टू विंडोज. टर्मरिक हॅज करक्यूमिन.

तेव्हा कृती अशी. वाक्यातला धनी शोधा, म्हणजे ज्याचं आहे तो. त्याला चिकटलेला ला, कडे, जवळ, चा, त काढून टाका. त्याला वाक्याच्या तोंडाशी उभा करा, मग हॅव किंवा हॅज, मग वस्तू. धनी माणूसच असायला हवा असं नाही. वरच्या वाक्यांत खोली धनी आहे आणि हळदही. पुलाला कमानी आहेत तर पूल धनी : ‘द ब्रिज हॅज आर्चेस.’

आमच्या वर्गात जत तालुक्यातली एकदोन मुलं असतात, त्यांची घरची भाषा कानडी. त्यांना वाटतं आपली अडचण काहीतरी वेगळी असेल. तसं नाही. कानडीतही ‘ननगे इब्बरु तम्मंदिरु इद्दारे’, म्हणजे ‘मला दोन धाकटे भाऊ आहेत’ हीच बांधणी. संस्कृतातही ‘मम पुत्रः अस्ति’. तिकडे रशियनमध्येसुद्धा ‘माझ्यापाशी आहे’ असंच म्हणतात. त्यामुळे बिचकू नका, या वळणावर अडखळणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

जाता जाता एक गंमत. ‘हॅव’चा फार जुना अर्थ हातात पकडणं असा. लॅटिनमध्ये ‘हाबेरे’ नावाचं याच अर्थाचं क्रियापद आहे, दिसायला अगदी सख्खा भाऊ, पण दोघांचं मूळ वेगळं. ‘हॅव’चं खरं नातं लॅटिनमधल्या ‘कापेरे’शी, म्हणजे पकडण्याशी. मला हे कळल्यापासून धनी पुढे का उभा राहतो ते लक्षात ठेवणं सोपं गेलं. पकडायचं तर आधी पकडणारा लागतो.

आता एक सापळा. ‘मला’नं सुरू होणारं प्रत्येक वाक्य ‘हॅव’कडे जात नाही. मला भूक लागली : आय ॲम हंग्री. मला राग आला : आय गॉट अँग्री. मला चहा आवडतो : आय लाइक टी. मला पोहता येतं : आय कॅन स्विम. म्हणून ‘मला’ बघून उडी मारू नका, वाक्याचं शेवटचं क्रियापद बघा. ते ‘आहे’ असेल तर बहुतेक वेळा ‘हॅव’ चालतं.

आजारपण मात्र क्रियापद कुठलंही असलं तरी ‘हॅव’मध्येच येतं. ताप आलाय, सर्दी झालीय, डोकं दुखतंय : आय हॅव अ फीवर, आय हॅव अ कोल्ड, आय हॅव अ हेडेक. यातला छोटा ‘अ’ गिळू नका. आणि डायबिटीसला तो ‘अ’ लावू नका. नर्सिंगच्या मुलींना मी हे हमखास सांगते, कारण आपल्याकडे ‘मला शुगर आहे’ म्हणतात. ‘आय हॅव शुगर’ हे ऐकून परदेशी डॉक्टर म्हणेल, बरं, मग चहात घाला.

पायरी 2 : रूपं

ही पटकन उरकू. आय, यू, वी, दे यांना हॅव. ही, शी, इट आणि एकवचनी नावांना हॅज. भूतकाळात सगळ्यांना हॅड. प्रश्न आणि नकार डू, डझ, डिड लावून करायचे आणि ते आले की पुढे मूळ रूपच राहतं. ‘डझ शी हॅज?’ चूक, ‘डझ शी हॅव?’ बरोबर. ‘डिड यू हॅड?’ चूक, ‘डिड यू हॅव?’ बरोबर. काळाची ओझी एकानं उचलली की दुसऱ्यानं रिकाम्या हातानं चालायचं. ‘हॅव यू गॉट अ पेन?’ असंही म्हणतात, त्याचा अर्थ तोच. ऐकायला आलं तर गोंधळू नका, पण सुरुवातीला ‘डू यू हॅव’ एवढं पक्कं करा.

पायरी 3 : ‘हॅविंग’ला आवर घाला

‘वी आर हॅविंग राजापुरी टर्मरिक.’ अडतीवरच्या एका पोरानं गिऱ्हाईकाला असा मेसेज पाठवला होता. ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’ तर आपल्या इंग्रजीची खूणच झाली आहे. आपल्याला ‘आहे’ म्हटलं की ‘ॲम, इज, आर’ आणावंसं वाटतं, मग ‘हॅव’ला बसायला जागा हवी म्हणून ‘इंग’ चिकटतं.

मालकी, नातं, गुण या गोष्टी चालू नसतात, त्या असतात. बहीण सुरू किंवा बंद करता येत नाही. तिथं नुसतं ‘हॅव’ : वी हॅव राजापुरी टर्मरिक.

पण ‘हॅविंग’ सरसकट चूक नाही, आणि हे मी अंगावर घेऊन सांगते. काही वर्षांपूर्वी एका मुलीनं वहीत लिहिलं होतं, ‘आर यू हॅविंग एनी पेन?’ मी लाल शाईनं काट मारली. दुसऱ्या दिवशी ती पाठ्यपुस्तक घेऊन आली. त्यात हेच वाक्य. बरोबर तीच होती. आत्ता, या घडीला चाललेला अनुभव किंवा क्रिया असेल तर ‘हॅविंग’ येतं : आर यू हॅविंग ट्रबल ब्रीदिंग? वी आर हॅविंग लंच. दे आर हॅविंग अ मीटिंग. मराठीत वाक्य ‘चाललंय’, ‘होतंय’ असं म्हणता येतं का बघा. श्वासाला त्रास होतोय, हे जमतं. भाऊ होतोय, हे जमत नाही, निदान त्या अर्थानं नाही.

पायरी 4 : चहा, आंघोळ, भांडण

इथं ‘हॅव’चा मालकीशी संबंध सुटतो आणि ते आपल्या ‘घेणे’, ‘करणे’सारखं वागायला लागतं. हॅव टी, हॅव लंच, हॅव अ बाथ, हॅव अ रेस्ट, हॅव अ लुक, हॅव अ चॅट, हॅव अ फाइट. आंघोळ ‘करतात’ म्हणून ‘डू बाथ’ लिहू नका. ब्रिटिश ‘हॅव अ बाथ’ म्हणतात, अमेरिकन ‘टेक अ बाथ’, दोन्ही चालतं. पाहुणा दारात आला की ‘सिट, सिट’ न म्हणता ‘प्लीज हॅव अ सीट’ म्हणा. ‘सिट’ म्हटलं की कुत्रा बसतो.

‘ईट’ आणि ‘ड्रिंक’ऐवजी ‘हॅव’ वापरलं की बोलणं मऊ होतं. ‘विल यू ड्रिंक टी?’ हे चूक नाही, पण ‘चहा पिणार का?’ आणि ‘चहा घेणार का?’ यात जो फरक तोच इथं. ‘विल यू हॅव सम टी?’ यात आग्रह आहे. काकूंना ही पायरी एका दिवसात जमली. त्या म्हणाल्या, आग्रहाचं इंग्रजी असतं हे आधी सांगायचं नाहीस होय.

पायरी 5 : ‘हॅव टू’ म्हणजे लागणे

मला जावं लागतं : आय हॅव टू गो. तिला थांबावं लागलं : शी हॅड टू वेट. तुम्हाला सही करावी लागेल : यू विल हॅव टू साइन. मराठीत धनी ‘मला, तिला, तुम्हाला’ असा वाकून उभा असतो, इंग्रजीत तो ताठ होतो. पहिल्या पायरीचीच युक्ती.

कानासाठी एक गोष्ट. देवनागरीत लिहिलं तर ‘आय हॅव टू ब्रदर्स’ आणि ‘आय हॅव टू गो’ सारखंच दिसतं, पण उच्चार एक नाही. दोन भाऊ असतील तेव्हा ‘व’ स्वच्छ ऐकू येतो. लागण्याच्या अर्थानं मात्र तो ‘फ’ होतो : ‘हॅफ टू’. तसंच ‘हॅज टू’चं ‘हॅस टू’ होतं. इंग्रज माणसाचं बोलणं पटकन कळत नाही त्यामागे अशी बारीकसारीक कारणं असतात. हे जोडीनं बसून दहा वेळा म्हणा, एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं भाऊ की काम ते ओळखायचं.

आता नकार, आणि इथं माझं ऐका, कारण यात माणसं दुखावतात. अडतीवरच्या त्याच पोराला दक्षिणेतल्या एका व्यापाऱ्याला कळवायचं होतं की तुम्ही सौद्याला यायची गरज नाही, नमुना आम्ही पाठवतो. त्यानं लिहिलं, ‘यू मस्ट नॉट कम टू सांगली.’ व्यापाऱ्याचा तडक मालकाला फोन. आमचं काय चुकलं, आम्हाला सांगलीत यायला बंदी का? पोरगं दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन मान खाली घालून बसलं.

‘मस्ट नॉट’ म्हणजे यायचं नाही, मनाई. ‘डोंट हॅव टू’ म्हणजे यायला लागत नाही, आलात तर आनंदच आहे. ‘यू डोंट हॅव टू कम’ एवढं लिहिलं असतं तर काम झालं असतं. होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ शेजारी राहतात. नकारात त्यांची तोंडं दोन दिशांना.

पायरी 6 : जेवलासा काय?

आपल्याकडे सकाळी दहानंतर कुणीही कुणालाही हे विचारतं. उत्तर येतं, ‘व्हय, जेवलोया.’ या ‘जेवलोय’मध्ये जेवण झालंय आणि पोट आत्ता भरलेलं आहे, दोन्ही आलं. इंग्रजीत हे काम ‘हॅव’ करतं आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप येतं : आय हॅव ईटन. मराठी इथं ‘आहे’ लावते, इंग्रजी ‘हॅव’ लावते, बाकी वळण एकच. त्यामुळे हा भाग अवघड जात नाही.

अवघड जातो तो ‘काल’. मराठीत ‘मी त्याला काल भेटलोय’ बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत ‘आय हॅव मेट हिम यस्टर्डे’ चालत नाही. काल, परवा, सोमवारी, 2019 मध्ये, अशी वेळ सांगितली की ‘हॅव’ निघून जातं : आय मेट हिम यस्टर्डे. आणि त्याऐवजी ‘हॅड’ घालून ‘आय हॅड मेट हिम यस्टर्डे’ करायची जी आपली सवय आहे तीही सोडा. ‘हॅड’ लागतं ते भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची दाखवायला : मी पोचले तेव्हा बस गेली होती, ‘द बस हॅड लेफ्ट व्हेन आय अराइव्ड’. एकटीच गोष्ट असेल तर साधा भूतकाळ पुरतो.

सांगलीच्या गावभागातला एक विद्यार्थी हे समजून घेताना म्हणाला, मॅडम, आमच्या घरात दोनदा पुराचं पाणी आलंय, हे कसं सांगू? मग आम्ही फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. ‘वी हॅव हॅड वॉटर इन द हाऊस ट्वाइस.’ दोनदा, कधी ते सांगितलेलं नाही, आजवरचा हिशेब. आणि ‘वी हॅड वॉटर इन द हाऊस इन 2005 अँड अगेन इन 2019.’ सालं आली, ‘हॅव’ गेलं. सांगलीत हे उदाहरण परत समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्या वाक्यातलं ‘हॅव हॅड’ बघून घाबरायचं कारण नाही. पहिलं ‘हॅव’ हमाल आहे, फक्त काळ वाहून आणतो. दुसरं ‘हॅड’ हा माल, म्हणजे खरं क्रियापद. काकू आता नातवाला विचारतात, ‘हॅव यू हॅड युअर डिनर?’ यात चौथी पायरी आणि सहावी पायरी एकावर एक चढली आहे.

मुलाखतीला जाणाऱ्यांनी एवढं नक्की पाठ करा. ‘मी तीन वर्षं इथं काम करतोय’ याचं ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ करू नका, त्यात दोन चुका आहेत. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.’ मुदत असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचं वर्ष किंवा महिना असेल तर ‘सिन्स’ : सिन्स 2022, सिन्स जून.

पायरी 7 : करून घेणे

मिरजेत सतारमेकर गल्लीत तुम्ही सतार घेऊन गेलात. कारागिरानं घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून जवारी काढून दिली, म्हणजे तारांचा नाद जुळवून दिला, तुम्ही पैसे दिले. आता इंग्रजीत ‘आय रिपेअर्ड माय सितार’ म्हणालात तर कानस तुमच्याच हातात आली. म्हणायचं असं : ‘आय हॅड माय सितार रिपेअर्ड.’ हॅड, मग वस्तू, मग तिसरं रूप. मराठीतलं ‘करून घेतली’.

शब्दांचा क्रम इथं जिवावरचा आहे. ‘आय हॅड रिपेअर्ड माय सितार’ असं एक शब्द इकडचा तिकडे झाला, की अर्थ होतो ‘मी सतार दुरुस्त केली होती’, आणि तुम्ही पुन्हा कारागीर. वस्तू मध्ये आली की दुसऱ्यानं केलं, शेवटी गेली की आपण.

केस कापण्याचं तर मराठीतच आपण ढिलं बोलतो. ‘मी केस कापले’ म्हणतो, कापतो न्हावी. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणालात तर समोरचा तुमच्या डोक्याकडे जरा काळजीनं बघेल. ‘आय हॅड माय हेअर कट.’

हीच बांधणी नको असलेल्या गोष्टींनाही लागते. ‘ही हॅड हिज मोबाइल स्टोलन’ म्हणजे त्याचा मोबाइल चोरीला गेला. त्यानं चोरून घेतला नाही. प्रसंगावरून कळतं.

पायरी 8 : आखूड रूपं

बोलताना ‘आय हॅव’चं ‘आयव्ह’, ‘ही हॅज’चं ‘हीज’ होतं. हे फक्त हमालाच्या कामात करा : ‘आयव्ह ईटन’ ठीक. मालाच्या कामात नको : ‘आयव्ह अ मोटरसायकल’ कानाला खटकतं. ‘हीज’ ऐकलं की ते ‘ही इज’ की ‘ही हॅज’ हे पुढच्या शब्दावरून ओळखा. ‘हीज बिझी’ आणि ‘हीज फिनिश्ड द वर्क’ यांत फरक उघड आहे. ‘यू शुड हॅव कम’, म्हणजे तू यायला हवं होतंस, हे बोलताना ‘शुडव्ह’ ऐकू येतं. ते ऐकून काही इंग्रजसुद्धा ‘शुड ऑफ’ लिहितात. तुम्ही लिहू नका.

आता सराव. खालची वाक्यं आधी वहीत करा, मग उत्तरं बघा. माझ्याकडे आज गाडी नाही. तिला सहापर्यंत मिरजेला पोचावं लागतं. आम्ही काल भडंग खाल्लं. मी चष्म्याची काच बदलून घेतली. पैसे आज द्यायची गरज नाही. त्यांनी अजून हळद पाठवली नाही.

उत्तरं अनुक्रमे : आय डोंट हॅव द बाइक टुडे. शी हॅज टू रीच मिरज बाय सिक्स. वी हॅड भडंग यस्टर्डे. आय हॅड द लेन्स चेंज्ड. यू डोंट हॅव टू पे टुडे. दे हॅवंट सेंट द टर्मरिक येट.

तिसऱ्यात ‘वी हॅव हॅड’ लिहिलं असेल तर सहावी पायरी पुन्हा वाचा. पाचव्यात ‘मस्ट नॉट’ लिहिलं असेल तर तो मेसेज गिऱ्हाईकाला पाठवायच्या आधी पाचवी वाचा.